सुख होलं का?

तंजावूरला जाऊन आले म्हटलं की आमच्या सेलूतली माणसं आधी विचारतात, "मोठं देऊळ पाहिलं का?" पाहिलं. भर दुपारी पाहिलं, चपला बाहेर काढून, आणि तापलेल्या दगडी फरशीवरून सावलीपर्यंत उड्या मारत गेले. सोबत हेमा होती. ती तिथलीच, तिचे तळपाय सरावलेले. ती सावकाश चालत आली आणि म्हणाली, "सुजा, मेसची घंटा वाजली की तू अशीच पळायचीस." देवळाचं वर्णन पुष्कळांनी केलं आहे, माझ्याहून चांगलं केलं आहे. मला लिहायचं आहे ते एका शब्दाबद्दल. तो शब्द मी कितीतरी वर्षं वर्गात शिकवते आहे. तंजावूरला तो मला पुन्हा शिकावा लागला.

हेमा राव माझी पुण्याच्या वसतिगृहातली मैत्रीण. मी पाली घेऊन एमए करत होते आणि ती इतिहास. माझे बाबा सेलूच्या जिनिंगमध्ये हमाली करायचे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिली. हेमाचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तंजावूरला गेले आणि तिकडचेच झाले. घरात अजून मराठी बोलतात, पण ती मराठी ऐकून आमच्या मेसमधल्या मुलींना हसू आवरायचं नाही. 'झालं'ला हेमा 'होलं' म्हणायची, 'इकडे'ला 'हेकडे', 'नको'ला 'नोको', 'सगळं'ला 'अस्कं'. काही हवं असलं की म्हणायची, "मज ते होणं." आणि मी 'लई' आणि 'कामून' म्हणायचे. हसणाऱ्यांना आम्ही दोघी पुरून उरायचो. म्हणून मेसच्या कोपऱ्यातल्या टेबलावर एकत्र आलो आणि शिक्षण संपेपर्यंत तिथेच बसलो. पातळ वरणाचा वास आला की अजूनही मला आधी ते टेबल आठवतं, मग अभ्यास.

हेमाचे वडील, अप्पा, तंजावूरच्या मराठी कुटुंबांची महिन्यातून एकदा बैठक भरवतात. कधी कुणी गातं, कधी कुणी बोलतं. या वेळी हेमाने माझं नाव सुचवलं. विषय मीच दिला: बौद्ध धम्मातील सुखाचा अर्थ. जानेवारी संपत आला होता, कॉलेजची तोंडी परीक्षा उरकली होती. मी निघाले.

तंजावूर

हेमा स्टेशनवर स्कूटी घेऊन आली होती. केस पांढरे व्हायला लागलेत, बाकी तीच. घरी पोहोचलो तर अप्पा दारातच उभे. "या, या. प्रवास चोक्कट होला का?" चोक्कट म्हणजे चांगला, हे मला पुण्यापासून माहीत होतं. अम्मांनी पितळी तांब्यातून पाणी आणलं. तहान लागली होती. मी तांब्या तोंडाला लावला, दोन घोट घेतले, तोच अम्मा म्हणाल्या, "वरून पी गं, तोंड न लावतां."

माझा हात तिथेच थांबला. माझ्या बाबांना लहानपणी हॉटेलच्या मागच्या बाजूला वरून पाणी वाढायचे, ओंजळीत. बाबांनी हे मला एकदाच सांगितलं होतं आणि सांगताना दुसरीकडे पाहिलं होतं. मी तांब्या खाली ठेवला. हेमाच्या लक्षात आलं. तिने तोच, मी तोंड लावलेला तांब्या उचलला, मान मागे टाकली आणि धार वरून सोडून घटाघटा पाणी प्यायली. मग अप्पा तसेच प्यायले. मग अम्मा. तेव्हा मला उमगलं, इथे सगळेच असे पितात, आपल्याच घरात, आपल्याच भांड्यातून. मग मीही मान मागे टाकली. अर्धं पाणी हनुवटीवरून गळ्यात आणि गळ्यातून ब्लाउजमध्ये गेलं.

"महाराष्ट्रांत पाणी पिणं शिकवत नाहीत काय?" अम्मा हसत टॉवेल घेऊन आल्या.

दुपारी अम्मा वांगी चिरत होत्या, मी शेजारी बसले होते. तेव्हा मी त्यांना बाबांचं सांगितलं. विळीवरचं वांगं त्यांनी खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, "मज ठाऊक नव्हतं गं." आणि जेवताना माझ्या पानाशेजारी तांब्याही ठेवला आणि पेलाही. "कसं होणं तसं पी." मी तांब्या उचलला. या वेळी थोडंच सांडलं.

त्या वांग्यांची त्यांनी रसवांगी केली होती. डाळीतली, नारळ लावलेली, दाट भाजी. नावातलं वांगं आपलं, चव पूर्ण तिकडची. आमच्याकडे वांग्यात शेंगदाण्याचा कूट नसला तर माणसं रुसतात. मी दोनदा भात घेतला आणि कूट आठवलाही नाही. कॉफी, म्हणजे तिकडची कापी, मात्र पहिल्या दिवशी मला जमली नाही. ती पितळी पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात उंचावरून ओतायची, म्हणजे फेस येतो आणि निवते. माझी थेट अप्पांच्या वर्तमानपत्रावर गेली. अप्पा म्हणाले, "असो, आज बातम्याही कडूच होत्या."

संध्याकाळी भाषण मनात जुळवत बसले, तेव्हा आमचे सर आठवले. सेलूच्या वस्तीत पत्र्याचं विहार होतं. उन्हाळ्यात ते इतकं तापायचं की वंदनेला बसलेल्या बायका पदराने एकमेकींना वारा घालायच्या. शाळेतून निवृत्त झालेले आमचे सर रविवारी तिथे आम्हा पोरींना पाली शिकवायचे, फुकट. पहिल्याच धड्यात त्यांनी 'वेदना' हा शब्द घेतला होता. मराठीत वेदना म्हणजे दुखणं. सर म्हणाले, पालीत तसं नाही. वेदना म्हणजे जाणवणं. ती तीन तऱ्हांची: सुखाची, दुःखाची, आणि सुखाची नाही अन् दुःखाचीही नाही अशी. तिसरी सगळ्यांत जास्त वेळ आपल्याजवळ असते आणि तीच आपल्याला कळत नाही. एका पोरीने विचारलं, "सर, म्हणजे कशी?" सर म्हणाले, "आत्ता तुझं पोट दुखतंय का?" ती म्हणाली नाही. "मग हे तुला मी विचारेपर्यंत माहीत होतं का?"

पुढे मोठी पुस्तकं वाचली, मोठ्या लोकांची व्याख्यानं ऐकली. पण सुखाबद्दल मला जे काही कळलं आहे, ते त्या पत्र्याखालीच कळलं असं मला वाटतं. तेच सांगायचं ठरवलं.

राजवाड्यामागची गल्ली

बैठकीची खोली राजवाड्यामागच्या एका जुन्या गल्लीत होती. गल्लीत दारांपुढे कोलम म्हणजे तिकडची रांगोळी, तांदळाच्या पिठाची, मुंग्यांनाही खाता यावी अशी. घरांतून रेडिओवर तमिळ गाणी आणि दारातून कुणीतरी कुणाला मराठीत हाका मारतंय. मला दर दोन पावलांवर थांबावंसं वाटत होतं.

खोली भरलेली होती. हेमा म्हणाली, एरवी इतकी माणसं येत नाहीत. मला बरं वाटलं. धम्माबद्दल ऐकायला तंजावूरचे मराठी लोक एवढ्या संख्येने आले, हे सेलूला जाऊन सरांच्या घरी सांगायचं, असंही मनात आलं. फक्त एक गोष्ट कळेना. पुढच्या रांगेतल्या एका मामींच्या मांडीवर एक्स-रेचं मोठं तपकिरी पाकीट होतं. तिकडे वडीलधाऱ्या बायका सगळ्या मामी आणि पुरुष मामा. आणखी दोघातिघांकडे दवाखान्याच्या फायली. एक जण बाटलीत काहीतरी तपासायलाच घेऊन आला असावा, ती त्याने खुर्चीखाली लपवली होती.

अप्पांनी ओळख करून दिली, अर्धी त्यांच्या मराठीत, अर्धी तमिळमध्ये. मी उभी राहिले आणि सरांच्या तीन वेदनांपासून सुरुवात केली. 'वेदना' म्हणताच माना हलायला लागल्या. एवढा प्रतिसाद मला वर्गात कधी मिळत नाही. मी रंगात आले. म्हणाले, सुख म्हणजे नक्की काय, हा प्रश्न बुद्धांनी...

"मॅडम," एक्स-रेवाल्या मामींनी हात वर केला, "ते नंतर सांगा. गुडघ्यास काय करणं?"

मी हेमाकडे पाहिलं. हेमाने तोंडावर पदर धरला होता आणि तिचे खांदे हलत होते. ती उठून माझ्या कानाशी आली. "सुजा, इथे 'सुख' म्हणजे 'बरं'. तापातून उठलं की सुख होलं म्हणतात. अप्पांनी तमिळमध्ये निरोप पाठवला. इथे देवनागरी कुणाला वाचता येते? वाचणाऱ्याला तो असा कळणार: बुद्धाने सांगितलेला सुख होण्याचा मार्ग, महाराष्ट्राहून बाई येऊन सांगणार."

त्या क्षणी मला वसतिगृहातली खोली आठवली. पहिल्याच वर्षी मला मलेरिया झाला होता. हेमा रोज सकाळी माझ्या कपाळावर हात ठेवून विचारायची, "सुख होलं का?" आणि मी, नुकतीच एमएच्या पालीच्या वर्गात जायला लागलेली, तापात पडल्या पडल्या विचार करायचे की या मुलीने किती खोल प्रश्न विचारला आहे. एकदा मी तिला उत्तरही दिलं होतं, "सुख इतकं सोपं नसतं हेमा." ती घाबरून रेक्टरना बोलवायला पळाली होती.

मी हे खोलीतल्या सगळ्यांना सांगून टाकलं. खोली हसली. अप्पा मात्र दुखावले. "मी चोक्कट लिहिलों. सुखाचा मार्ग. अजून काय होणं?"

"अप्पांनी चूक लिहिलं नाही," मी म्हणाले, आणि हे बोलता बोलताच मला पटत गेलं. बुद्धांनी सांगितलं ते वैद्यासारखंच सांगितलं. आजार आहे. आजाराला कारण आहे. आजार जाऊ शकतो. जाण्याचा मार्ग हा. चार आर्यसत्यं म्हणजे वैद्याने नाडी धरून सांगितलेल्या चार गोष्टीच आहेत. त्यांच्या दृष्टीने सुख म्हणजे काहीतरी मोठं मिळणं नव्हे, दुखणं सुटणं. तेव्हा तुमचा 'सुख' हा शब्द आमच्या महाराष्ट्रातल्या 'सुख'पेक्षा कदाचित त्यांच्या जास्त जवळ असेल. आमच्याकडे सुख म्हटलं की बंगला आणि गाडी डोळ्यांपुढे येते.

"आणि गुडघा?" मामींनी सोडलं नाही.

"मामी, गुडघ्याची दोन दुखणी असतात. एक गुडघ्यातलं. ते डॉक्टरांचं काम. दुसरं, 'माझाच का दुखतो, आधी कसा होता, आता काय होणार' हे. पहिलं कधी जातं, कधी जात नाही. दुसरं आपण देतो."

"दुसरं माझी सून देती," मामी म्हणाल्या. मागच्या रांगेतून त्यांच्या सुनेचाच आवाज आला, "हो, आणि कापीसुद्धा मीच देतें." नंतर पुढचा तासभर भाषण असं झालंच नाही, गप्पाच झाल्या, आणि मी दिलेल्या कुठल्याही भाषणापेक्षा त्या बऱ्या झाल्या.

सगळे हसत होते तेव्हा एक जण हसत नव्हते. ते शेवटपर्यंत थांबले. सेतुराव मामा, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, जवळच्या तिरुवैयारु गावाहून मोटार करून आले होते. शेजारी चाकांच्या खुर्चीत त्यांच्या पत्नी, पद्मा मामी. मामी गाणं शिकवतात, त्यांच्या हाताखालून निम्मं गाव गेलं आहे, असं हेमाने हळूच सांगितलं. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, गळा गेला, बोलणं तुटकं झालं.

सेतुराव मामा माझ्यापुढे हात जोडून उभे राहिले. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस, आणि तिकडच्या रीतीने मलाच अम्मा म्हणत होता. "अम्मा, गुडघ्याचं सोडा. हिज केव्हां सुख होणार ते सांगा."

मी सांगितलं, "मामा, मी डॉक्टर नाही हो. भाषा शिकवते. मला औषध येत नाही."

"औषध अस्कं करून होलं. अस्कं. मोठा दवाखाना, गावचा वैद्य, देवाला बोललों. परवां केरळास नेतों, तेकडे तेलाचे उपचार आहेत, दोन महिने राहणं. तेणें तरी होणार का? तुम्ही मार्ग जाणतां. तुम्ही सांगा."

पद्मा मामींनी डावा हात पुढे केला आणि माझं मनगट धरलं. काहीतरी बोलल्या. ओठ एका बाजूला ओढले जात होते, मला एक अक्षर कळलं नाही. मामा म्हणाले, "घरीं या म्हणती." मी मामींच्या डोळ्यांत पाहिलं. त्या तसंच म्हणाल्या असतील असं मला वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मला सरस्वती महालात जायचं होतं. ते ग्रंथालय पाहायचं माझं एमएपासूनचं स्वप्न. परवा माझी गाडी. मी हेमाला म्हटलं, "उद्या तिरुवैयारुला जाऊ." ती म्हणाली, "मग ग्रंथालय?" मी म्हटलं, "राहील तिथेच."

तिरुवैयारुच्या वाटेवर

सकाळी स्कूटीवर निघालो. मी कापूस आणि ज्वारीच्या मुलखातली. आमच्याकडे जानेवारीत जमीन भेगाळायला लागते. इथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कालवे, नारळ, आणि मध्ये कापणीला आलेला भात, पार क्षितिजापर्यंत पिवळा. कापलेल्या भाताच्या पेंढ्या लोकांनी सरळ डांबरी रस्त्यावर पसरल्या होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांनी तुडवून दाणे सुटे करावेत म्हणून. बसवाले त्यावरून आनंदाने जातात. हेमाही गेली, आणि मागच्या चाकात पेंढा असा गुरफटला की स्कूटी जागीच थांबली.

आम्ही दोघी खाली बसून पेंढा ओढत होतो तेव्हा शेतातून एक बाई विळा घेऊन आली. आधी आम्हाला हसली, मग विळ्याने पेंढा कापून द्यायला लागली. मी घाम पुसत उभी राहिले आणि समोर पाहिलं. कालव्याच्या काठी कडुलिंबाखाली बुद्ध बसले होते.

काळ्या दगडाची मूर्ती, माणसाएवढी. नाकाचा शेंडा उडालेला, डोळे मिटलेले, मांडीवर हातावर हात. गळ्यात मोगऱ्याचा ताजा गजरा. आणि कपाळावर राखेचे तीन आडवे पट्टे, शंकराला ओढतात तसे.

मला कसंतरीच झालं. आमच्या विहारात असं कुणी केलं असतं तर वस्ती उठली असती. पट्टे पुसावेत म्हणून माझा हात पदराकडे गेलाही. तेवढ्यात ती बाई आली, तिने विळा खाली ठेवला आणि मूर्तीपुढे हात जोडले. गजरा तिचाच होता. हेमाला मी विचारायला लावलं, की यांच्याकडे ती काय मागते. बाई तमिळमध्ये बोलली, हेमाने सांगितलं, "धाकट्या लेकराला ताप येतोय. सुख मागितलं म्हणते."

मी पदर सोडून दिला. त्या बाईशेजारी उभी राहिले, आमच्याकडे करतात तसे तीनदा वाकून नमस्कार केले. बाई माझ्याकडे कुतूहलाने पाहत राहिली. मग हेमाला काहीतरी विचारलं. हेमा म्हणाली, "विचारते, तुझ्या घरी कोण आजारी आहे?"

तिरुवैयारु

मामींची गल्ली सरळ कावेरीत उतरते. नदीला पाणी होतं, बायका पायऱ्यांवर धुणं धूत होत्या. गल्लीत शिरल्यापासून गाणं ऐकू येत होतं. ओट्यावर चटईवर तीन मुली बसल्या होत्या आणि पद्मा मामी लाकडी पलंगावर, पाठीला उशी. उजवा हात मांडीवर कुणीतरी आणून ठेवल्यासारखा. डाव्या हाताने त्या पलंगाच्या कडेवर ताल देत होत्या. गळा नव्हता, बोलणं नव्हतं, पण मधली मुलगी जिथे घसरली तिथे मामींची बोटं थांबली. मुलगीही थांबली. मामींनी भुवई उचलली. मुलीने ती जागा पुन्हा घेतली. भुवई खाली आली, बोटं चालू झाली. मी दारातच उभी राहिले. सकाळचं ऊन, नदीचा वारा, तीन गळे. असं काही पाहिलं की मला कॉलेजात आपण काय करतो याची थोडी लाज वाटते आणि उद्यापासून नीट शिकवावं असं वाटतं.

तेवढ्यात आतून सेतुराव मामा आले, हातात काढ्याचा पेला. मुली आपोआप गप्प झाल्या, रोजचंच असावं. त्यांनी मामींना काढा पाजला, तोंड पुसलं, मग उजवा हात उचलून कोपरात वाकवायला लागले. त्यांच्या हातांत फार माया होती, आणि घाईही. मागे ओसरीत दोन पिशव्या भरून ठेवलेल्या दिसत होत्या, केरळला न्यायच्या.

"पाहा," ते मला म्हणाले, "किती वेळां सांगटलों. शिकवणी नोको, आधी सुख होऊं दे, मग शिकव. ऐकत नाही."

मामी म्हणाल्या. एकेक शब्द वेगळा, मध्ये मोठी जागा. "मज. सुख. आहे."

"पाहिलंत? असंच म्हणती. सुख आहे तर हात उचल पाहूं."

मामींनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, मग मामांकडे. हात हलला नाही. हेमाने विचारलं, "मामा, डॉक्टर काय म्हणटले?"

"ते काय, व्यायाम करा म्हणटले, घरींच. हात आतां एवढाच राहील म्हणटले. त्यांस काय ठाऊक." त्यांनी हात पुन्हा मामींच्या मांडीवर ठेवला, रिकामा पेला उचलला आणि ते माझ्याकडे वळले. "काल तुम्ही सांगटलं नाही. आज सांगा. उद्यां जाणं की नोको? तुम्ही जें सांगाल तें करतों. माझा आतां दुसऱ्या कुणावर विश्वास नाही."

मामींनी काल धरलं होतं तसं माझं मनगट धरलं. आणि काल जे बोलल्या होत्या तेच बोलल्या. या वेळी मी कान जवळ नेला. "तूं. सांग. यांस."

बोलायला माझ्याकडे पुष्कळ होतं. दुखण्याला धरून बसलेलं मन, त्याची ओढ, त्या ओढीला पालीत तण्हा म्हणतात, तीच दुःखाचं मूळ. हे मी परीक्षेत लिहिलं आहे, शिकवलं आहे. पण पुस्तकातल्या तण्हेला चेहरा नसतो. इथे ती काढ्याचा पेला धरून उभी होती, दाढी वाढलेली, वर्षभर नीट न झोपलेली. तिला मी कुठल्या तोंडाने नाव ठेवणार? आणि ज्या हाताबद्दल मला काही कळत नाही, त्याबद्दल नका नेऊ तरी कसं म्हणणार?

मी एवढंच म्हणाले, "मामा, तुम्ही कालपासून मला विचारताय. मामींना विचारलंत का?"

"हिज काय विचारणं? हिज बोलतां येत नाही."

"येतं हो. वेळ लागतो."

मामांनी मामींकडे पाहिलं. मुली चटईच्या काड्या उपटत बसल्या होत्या. शेवटी मामा पलंगाजवळ गेले आणि जरा मोठ्याने, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "पद्मा, तुज काय होणं?"

मामींनी विचार केला. ओठ जुळवायला वेळ गेला. मग म्हणाल्या, "कापी."

"कापी नोको, आतांच काढा होला," मामा सवयीने बोलून गेले. मुली खुदकन हसल्या. हेमा हसली. मग मामांच्या लक्षात आलं आणि तेही हसले, माझ्या देखत पहिल्यांदाच. डोळे पुसत म्हणाले, "देतों, कापी देतों. अजून काय होणं? नीट सांग. थांबतों मी."

आणि ते खरंच थांबले. खाली कावेरीच्या पायऱ्यांवर धुणं आपटल्याचे आवाज येत होते. मामींनी डाव्या हाताने ओसरीतल्या पिशव्यांकडे बोट केलं. मग काढ्याच्या पेल्याकडे. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे.

"अस्कं. नोको." श्वास घेतला. "हेकडे. बस."

त्यांनी पलंगावर आपल्या उजव्या बाजूला थोपटलं.

सेतुराव मामा उभेच होते. मग पेला खाली ठेवून पलंगाच्या कडेवर बसले, पाहुण्याच्या घरी बसावं तसे, पाठ ताठ. हात कुठे ठेवावेत ते कळेना. "केरळ?" त्यांनी हळूच विचारलं. मामींनी नाही अशी मान हलवली. मामांनी भरलेल्या पिशव्यांकडे एकदा पाहिलं. मग खिशातून फोन काढला आणि मोटारवाल्याला तमिळमध्ये दोन वाक्यं बोलले. हेमाने मला सांगितलं, "उद्या नको म्हणाले. पुढचं मग पाहू."

पुढचं मग पाहू. म्हणजे पुढल्या महिन्यात ते पुन्हा पिशव्या भरतील, हेही शक्य आहे. मला ते कळत होतं, मामींनाही कळत असणार. त्यांनी मुलींना नजरेने खूण केली. गाणं सुरू झालं.

मामींनी मामांचा हात ओढून घेतला, तळवा वर करून आपल्या मांडीवर, निजलेल्या उजव्या हाताच्या वर ठेवला आणि डाव्या हाताने त्या तळव्यावर ताल धरला. टाळी पडण्याआधीच मामांचा हात दचकून बाजूला झाला. ताल चुकला, मुली अडखळल्या.

"चुकलं," मामी म्हणाल्या. आत्तापर्यंत ऐकलेला त्यांचा सगळ्यांत स्पष्ट शब्द तो.

मामा माझ्याकडे पाहून ओशाळले. "मज ताल येत नाही. लग्न होलं तेव्हांच हिणें बंदी केली. अस्कं गाव जाणतं."

मामींनी वाट पाहिली. मुलींनी पहिल्यापासून घेतलं. सेतुराव मामांनी तळहात पुन्हा पसरला, डोळे मिटून घेतले, आणि या वेळी तो हलू दिला नाही.